तिकडे काही नाही

रविवार, १७ मे २०२०

माझ्या बायकोने, वीणाने, फार्मसीतून आणलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आजपासून लिहायला घेतो आहे, कारण कीथ म्हणाला. तारीख, वारा कुठून, किती चाललास, काय दिसलं. "लक्षात राहील असं वाटतं, मेट. राहत नाही." मी चौपन्न वर्षांचा इंजिनिअर माणूस, नोंदी कशा ठेवायच्या हे मला कोणी शिकवायला नको. पण म्हटलं, ठीक आहे.

कीथ म्हणजे शेजारचा. ऐंशीच्या घरातला, मेलबर्नच्या या डँडेनॉन्गमध्ये आमच्या आधीपासून, एकटा राहतो. सुरुवातीला मी त्याला 'मिस्टर' लावायचो, ते त्याने बंद करवलं. आता वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं कीथ म्हणतो आणि डायरीत 'तो' लिहितो. असो.

दर हिवाळ्यात तो नूजीच्या पलीकडच्या जंगलातून एक सांबर मारून आणायचा आणि आइस्क्रीमच्या दोन लिटरच्या डब्यातून आमच्याकडे मटण यायचं. सांबर हे खरं तर आपलं जनावर. लहानपणी पेशवे पार्कात जाळीआड पाहिलेलं. तिकडे त्याच्या केसाला धक्का लावला तर तुरुंग. इकडे साहेबाने आणून सोडलं आणि आता इतकं माजलंय की लायसन्स काढा आणि खुशाल मारा म्हणतात. वीणा त्याचा काळ्या मसाल्याचा रस्सा करायची. डबा धुऊन त्यात चिवडा नाहीतर शंकरपाळे घालून परत. रिकामा डबा द्यायचा नाही, ही तिच्या आईची शिस्त. कीथला हे समजायला दोन वर्षं लागली. मग तोही डबा कधी रिकामा पाठवेना, मटण नसलं तर झाडाची लिंबं.

गेल्या वर्षी त्याचा खुबा गेला, शिकार बंद झाली. शेवटचा डबा आमच्याकडेच राहिला. वीणा म्हणाली, "लाडू घालून देऊन येते." मी म्हटलं, थांब. हा डबा मी मारलेल्या सांबराच्या मटणाने भरून जाणार. लायसन्स झालंय, रायफलची तिजोरी भिंतीत बसवलीय. लॉकडाऊन उठलाय आणि बुधवारपासून शिकारीलाही परवानगी आहे. कारखान्यात आठवड्याचे तीनच दिवस काम. बाटल्यांची झाकणं जगाला कमी लागायला लागली असतील असं मला वाटत नाही, पण मॅनेजमेंटला वाटतं. थोडक्यात, वेळ आहे. फक्त जागा हवी.

कीथला विचारलं, तू कुठे जायचास? म्हणाला, "जंगल मोठं आहे. चालून ये."

चिक्कू म्हातारा.

रविवार, २४ मे

वारा पश्चिमेचा. रस्त्याच्या उत्तरेची डोंगरधार, वरपर्यंत. साडेनऊ किलोमीटर. दिसलं: बिअरचे दोन कॅन, एका गाडीच्या चाकाच्या खुणा, वॉम्बॅटचं बीळ. सांबर नाही.

संध्याकाळी कीथ कुंपणापाशी चहा पीत उभा होता. त्याचा तो हिरवा इनॅमलचा कप, काठाला टवका गेलेला, दुसऱ्या कशात तो चहा पीतच नाही. मी दीड मीटर अंतर ठेवून सगळं सांगितलं.

"उत्तरेची धार? तिकडे काही नाही."

मग साडेनऊ किलोमीटर चालायच्या आधी सांगायला काय झालं होतं? तो चहा पीत राहिला.

रविवार, ३१ मे

पश्चिमेकडचा उतार. अकरा किलोमीटर. गुडघा बोलतोय. एक जुनी लेंडी सापडली, ती सशाची निघाली.

"तिकडे काही नाही," कीथ.

मला शंका येते की तो कशालाही हेच म्हणतो.

रविवार, ७ जून

आज चंद्रहासला बरोबर नेलं. पुण्यापासूनचा मित्र, क्रेगीबर्नला राहतो, माझ्याबरोबरच लायसन्स काढलं. दोन तास गाडी चालवून आला आणि उतरल्यापासून बोलत होता. त्याच्या फोनमध्ये नकाशाचं ॲप आहे, त्यावर लोक आपापल्या जागा टाकतात म्हणे. "हेम, असं वेड्यासारखं चालायची गरजच काय? कोणाला तरी पटवायचं, लोकेशन घ्यायचं, जायचं." अशा एका लोकेशनवर गेलो. तिथे आधीच चार गाड्या उभ्या.

कीथने विचारलं, "दोघं गेला होतात?"

"हो."

"तिकडे काही नाही."

"कुठे गेलो ते मी अजून सांगितलंच नाही."

"दोघं जाता तिथे काही नसतंच."

मग मात्र पाच मिनिटं बोलला. त्याचे नियम सांगितले. एका जागेतून वर्षाला एकच जनावर. बरोबर पाडस असलेल्या मादीला हात लावायचा नाही. एक घेतलं की पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्या बाजूला फिरकायचं नाही, सरकार हवी तितकी मारा म्हणालं तरी. आणि जागा कोणाला सांगायची नाही. आयती मिळालेली जागा लोक दोन वर्षांत रिकामी करतात, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मी त्यातला नाही. म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

राग आला. दहा वर्षांचा शेजार आणि हा विश्वास.

रविवार, १४ जून

दिशा बदलली. जुन्या सॉ मिलचा रस्ता संपतो तिथून खाली ओढ्याला उतरलो आणि ओढ्याने वर. माणसाएवढे नेचे, खाली सगळं ओलं. दीड तासाने एक प्रचंड खोड आडवं पडलेलं लागलं. तिथे बसून मोजे काढले तर पायाला सात जळवा. परत फिरलो.

कीथ आज 'काही नाही' म्हणाला नाही. पाणी स्वच्छ होतं का विचारलं. नेचे केवढे होते विचारलं. मग कपातला चहा गार झाला तरी तसाच उभा. वय झालं, मध्येच हरवतो बिचारा. जाताना घरातून लोकरीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे आणून कुंपणावर ठेवले. म्हणाला, "खोडाच्या पलीकडे जळवा जास्त आहेत."

मी पुन्हा तिकडे जाणार आहे असं त्याला वाटतं तरी कसं? वीणा मोजे व्हायरसच्या भीतीने दोन दिवस उन्हात टाकणार आहे. उन्हाचा पत्ता नाही.

रविवार, २८ जून

मिळाली.

नीट लिहितो. वारा उत्तरेचा, हलका. कीथचे मोजे. खोड ओलांडलं. पुढे ओढ्याला डावीकडून पाण्याची एक बारीक धार येऊन मिळते, तिच्या कडेने वर चढलं की डोंगर दोन्हीकडून जवळ येतो आणि मध्ये एक घळ लागते. बाहेरून दिसत नाही. आत शिरलो आणि वासच आला, गोठ्यासारखा. चिखलाचं डबकं, नुकतंच कोणीतरी लोळून गेलेलं, पाणी अजून गढूळ. शेजारच्या झाडाची साल माझ्या छातीच्या उंचीपर्यंत शिंगांनी सोलून काढलेली. खुरांच्या खुणा इतक्या की मोजणं सोडून दिलं. सहा आठवडे, एकूण चौसष्ट किलोमीटर, आणि ही जागा मी शोधली. मी एकट्याने. मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण तिथे ओरडून कसं चालेल?

एकाच गोष्टीने विरस झाला. धारेपाशी एका फांदीला कोणीतरी पत्र्याचा कप अडकवून ठेवलाय. हिरवा, इनॅमलचा, दांड्याला गंज. कोणीतरी पिकनिकवाला टाकून गेला असणार. लोकांना कुठे काय टाकावं याची अक्कल नाही. काढून आणणार होतो, पण माणसाच्या हाताचा वास लागेल म्हणून हात लावला नाही.

नेच्यात एका जागी बसलो. पावणेचारला एक मादी आली, मागे पाडस. पन्नास पावलांवर उभी. रायफल मांडीवर होती, तशीच ठेवली. पाडस पाणी प्यायलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. गेली दोघं. डबा काही भरला नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी कीथ वाटच पाहत होता. "ओढ्याने गेलास?"

"हो. पार वरपर्यंत."

"मग?"

"काही नाही. सगळं रिकामं."

"एक खूरसुद्धा नाही?"

"नाही."

त्याने कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. "म्हणजे साफ केली कोणीतरी," म्हणाला.

"काय साफ केलं?"

"काही नाही, मेट." आणि आत गेला. कप तिथेच राहिला.

मला आतून बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. सहा आठवडे मला पिदवलं, आता त्यालाही कळू दे की दुसऱ्यालाही गुपितं ठेवता येतात. डबा भरून नेईन तेव्हा सांगेन. तोंड बघण्यासारखं होईल.

गुरुवार, २ जुलै

कीथ चार दिवस कुंपणापाशी आलेला नाही. वीणा विचारायला गेली होती. म्हणाली, "पडद्यामागे नुसता बसून असतो रे. काय झालंय त्याला?" मी म्हटलं, थंडी आहे.

रविवार, ५ जुलै

घळीत एक मोठा नर होता. ऐंशी मीटर. वारा फिरला, त्याने भोंगा वाजवावा तसा एकच आवाज काढला आणि गेला. पुढच्या रविवारी नक्की.

बुधवार, ८ जुलै

रात्री बारापासून परत लॉकडाऊन. सहा आठवडे. पुढचा रविवार गेला.

शुक्रवार, २४ जुलै

कीथ किचनमध्ये पडला. सकाळपर्यंत फरशीवरच होता. वीणाला त्याचे पडदे उघडलेले दिसले नाहीत म्हणून तिने त्याच्या मुलीला फोन केला. मुलगी जेनी, फ्रँकस्टनला असते. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. मी मास्कमधून काहीतरी बोललो, काय ते मलाच आठवत नाही. हॉस्पिटलमधून त्याला एजड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नेणार आहेत. घरी परत यायचं बहुतेक नाही.

रविवार, ९ ऑगस्ट

आता पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, रात्री आठनंतर घराबाहेर पडायचं नाही. मुलगा सोहम खोलीत लॅपटॉपवर uni चे क्लास करतो, जेवायला हाक मारली की "In a minute, Baba" म्हणतो आणि तासाने येतो. मी रोज पार्कला सात फेऱ्या मारतो. तिथे काय दिसतं ते लिहिण्यासारखं नाही.

वीणाने आज विषय काढला. "त्याला फोन कर आणि सांगून टाक ना जागा मिळाली म्हणून. खूश होईल."

"डबा भरला की सांगणार आहे."

"हेम, डब्याचं काय घेऊन बसलायस?"

केला फोन. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून नर्सने स्पीकर लावला. म्हणाली, दोन मिनिटंच. कीथचा आवाज लांबून आल्यासारखा. विचारलं, "चालतोयस का?" म्हटलं, पाच किलोमीटरचा नियम आहे. म्हणाला, "हं." मी सांगणार होतो. शब्द तोंडात होते. पण नर्स ऐकत होती, आणि जागा अशी तिसऱ्यासमोर सांगायची नसते, हा त्याचाच नियम. मग हवेचं बोललो.

रविवार, २३ ऑगस्ट

त्याच्या होममध्ये कोविड शिरला. एकोणीस जण. कीथ पॉझिटिव्ह.

आज वीणाने तो आइस्क्रीमचा डबा कपाटातून काढून ओट्यावर, माझ्या समोर ठेवला. दिवसभर तो तिथेच होता.

खरं लिहितो. जूनमध्ये मी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोललो, कारण तो मला जागा सांगत नव्हता. एवढंच ते. आता तो गेला तर ते खोटंच त्याच्याबरोबर जाईल. त्याच्या दृष्टीने मी सहा आठवडे चाललो आणि मला काहीच मिळालं नाही. मला लाज वाटते आहे. फोन तीनदा केला, कोणी उचलला नाही.

रविवार, १३ सप्टेंबर

वाचला. जेनीचा मेसेज आला. नऊ किलो वजन कमी झालं, बोलायला दम लागतो, पण वाचला. वीणाने देवापुढे साखर ठेवली.

शनिवार, १४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. गेल्या सोमवारपासून मेलबर्नच्या बाहेर जाता येतंय. मी म्हटलं, उद्याच जातो. वीणा म्हणाली, "दिवाळीत बंदूक घेऊन बाहेर पडणार? मुळीच नाही." चकल्या डब्यात घालून आत्ताच पाठवू या, असंही म्हणाली. मी फक्त एक आठवडा मागितला. तिने दिला, पण कपाळाला हात लावून.

शनिवार, २१ नोव्हेंबर

वारा दक्षिणेचा. उजाडायच्या आत खोडापाशी, साडेसहाला घळीत. सहा पन्नासला तरणा नर आला, एकटा. सत्तर पावलं. एक गोळी. पंधरा पावलं गेला आणि बसला.

जवळ गेलो तेव्हा डोळा उघडा होता. वाईट वाटलं, आणि भूकही लागली होती, दोन्ही एकदमच. त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसलो. मग काम. मांस हाडांवरून सोडवून कापडी पिशव्यांत भरलं आणि तीन खेपांत वर रस्त्यापर्यंत आणलं. दुसऱ्या खेपेला पाणी संपलं. फांदीवरचा तो हिरवा कप काढला, धारेत धुतला, त्यातूनच प्यायलो. इतकं गार पाणी. कप परत फांदीला अडकवला. चांगला दणकट आहे, उगाच शिव्या दिल्या होत्या.

आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत इकडे यायचं नाही.

रविवार, २९ नोव्हेंबर

वीणाने रस्सा कमी तिखट केला, मटण बोटाने तुटेल इतकं शिजवलं. डबा काठोकाठ.

जेनी होमच्या आत, कीथजवळ. मी बाहेर, खिडकीखालच्या फुलांच्या वाफ्यात उभा. काचेतून पाहिलं. शर्टच्या आत माणूस शोधावा लागत होता. जेनीने फोन त्याच्या कानाला धरला. मी डबा काचेला लावून दाखवला. तो हसला, पण हसायला वेळ लागला.

मग मी सांगितलं. सुरुवातीलाच म्हटलं, जूनमध्ये खोटं बोललो, सॉरी. मग जुनी सॉ मिल, ओढा, आडवं खोड, डावीकडून येणारी धार, घळ, चिखल, सोललेली साल. मादी आणि पाडस, त्यांना सोडलं. मोठा नर अजून आहे. एकच घेतला, तरणा. ऐकताना त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, जेनीलाही तसंच वाटलं असावं, ती फोन काढून घ्यायला लागली. त्याने तिचं मनगट धरलं.

"कप आहे का अजून?" त्याने विचारलं.

मी कपाबद्दल त्याला एक अक्षर बोललो नव्हतो.

"आहे," मी म्हटलं. "फांदीवरच. त्यातूनच पाणी प्यायलो."

"भोक नाही ना पडलं?"

"नाही."

"जोडीतला आहे," म्हणाला, आणि दम लागल्यामुळे थांबला. मी काचेबाहेर मास्कमध्ये रडत होतो, चष्म्यावर वाफ, काही दिसेना. तो जेनीला खूण करत होता, डबा आत घे म्हणून.

गाडीत अर्धा तास बसून होतो. घरी येऊन ही डायरी मेपासून वाचली. वीणाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मोज्यांच्या दिवशी तरी कळायला हवं होतं तुला." पहिल्याच पानावर त्याला चिक्कू लिहिलंय. खोडणार होतो, पण राहू दे.

रविवार, २० डिसेंबर

कीथ आहे. दोन चमचे रोज खातो, असं जेनी म्हणते. घर भाड्याने द्यायचंय, ती आवरायला आली होती. कुंपणावरून डबा दिला. स्वच्छ धुतलेला आणि वर झाकणापर्यंत लिंबं.

"डॅडनी बजावलं, रिकामा द्यायचा नाही, वीणा रागावेल," ती म्हणाली. तिला हे सगळं विचित्र वाटत असावं. वीणा लोणचं घालणार आहे. मीठ कमी घाल, म्हटलं, त्याला बीपी आहे.

संध्याकाळी चंद्रहासचा फोन आला. कीथच्या गोष्टीतलं थोडंफार त्याला सांगितलं होतं, जागा सोडून. आज तो पहिल्यांदाच एकटा गेला होता, फोन गाडीत ठेवून. पायाला फोड, आवाजात वैताग. "हेम्या, दहा किलोमीटर चाललो रे. आता तरी काही सांगशील की नाही?"

"कुठे गेला होतास?"

"रस्त्याच्या उत्तरेची धार. पार वरपर्यंत."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. कुंपणाच्या खांबावर तो दुसरा कप अजून तसाच होता, जेनीच्या नजरेतून सुटलेला.

"तिकडे काही नाही," मी म्हटलं.